शुभेच्छुक तात्याबा

डेअरीवर दूध घालायला निघालेला गहिनीनाथ डेअरीपर्यंत पोचलाच नाही. कडा गावच्या एसटी स्टँडसमोर तो बराच वेळ मान वर करून उभा राहिला आणि भरलेली किटली तशीच घेऊन घरी परतला.

"छबू, तात्याबानं पोराचा फ्लेक्स लावलाय."

तात्याबा म्हणजे त्याचा चुलतभाऊ. दोघांच्या अंगणात एक भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना कान. तात्याबाचा शिवशंकर तिसऱ्या खेपेला बारावी पास झाला होता. फ्लेक्सवर त्याचा गॉगल लावलेला फोटो होता आणि खाली 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा' असं छापलं होतं. वाटचाल कुठली, ते मात्र कुणी छापलं नव्हतं.

"पुण्याला कॉलेजात चाललंय वाटतं," गहिनीनाथ म्हणाला. "तात्याबाला इचारलं तर नुसता हासला. 'पोरगं पुढं चाललंय' म्हणला."

"जाऊ द्या की. आपल्याला काय करायचंय?" त्याची बायको छबुबाई म्हणाली.

गहिनीनाथला बरंच काही करायचं होतं. कालपर्यंत त्याचं मत पक्कं होतं. संस्कृतीला संभाजीनगरच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता, मुदत संपत आली होती आणि पोरगी रोज विनवण्या करत होती; पण हा आपला एकच पालुपद धरून बसलेला, "इतक्या लांब जाऊन काय दिवे लावणार हाईस? घरी र्‍हा." आता त्याच्या पोटात असं दुखायला लागलं की ओवा खाऊन थांबेना. तो शिवशंकर कॉलेजात जाणार, आणि शाळेत पहिली आलेली आपली पोरगी घरी भाकऱ्या थापणार?

"संस्कृते," त्यानं हाक मारली, "बॅग भर."

संस्कृतीनं कारण विचारलं नाही. पोरगी खरंच हुशार होती.

दोनच दिवसांत स्टँडवर दुसरा फ्लेक्स चढला. आकारानं तात्याबाच्या दुप्पट. वर संस्कृती, बाजूला फेटा बांधलेला गहिनीनाथ, आणि तळाशी शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत शेवटचा, सगळ्यांत लहान फोटो तात्याबाचा होता. कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीच्या फोटोतून कापलेला, तोंडात घास असलेला.

तात्याबा तणतणत आला. "गहिन्या, म्या कवा दिल्या रे शुभेच्छा?"

"देत न्हाईस का? सांग की मग चार लोकांत."

चार काय, चाळीस लोक ऐकत होते. तात्याबाला दात-ओठ खात शुभेच्छा द्याव्या लागल्या. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "आन् तात्या, शिवाचं काय मग? कुठल्या कॉलेजला?"

"पुण्याला," तात्याबा तिडकीनं बोलून गेला. "उद्याच चाललंय."

दुसऱ्या दिवशी शिवशंकर खरोखरच गळ्यात हार घालून एसटीत बसला. गहिनीनाथनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि लगेच भाड्याची जीप ठरवून टाकली.

दोन दिवसांनी मायलेकींना घेऊन तो संभाजीनगरकडे निघाला. बीड मागं पडलं. गेवराई आली आणि जीपच्या तोंडातून वाफ यायला लागली. ड्रायव्हरनं ती कशीबशी रस्त्याकडेच्या इलियासभाईंच्या गॅरेजात नेली.

"शिवा," इलियासभाईंनी हाक मारली, "पानी कुठून गळतंय बघ रे."

ट्रकखालून आधी दोन पाय आले, मग काळंकुट्ट बनियन, आणि मग शिवशंकर.

"काका? तुमी?"

"तू तर पुण्याला गेलतास."

शिवशंकर ओशाळला. "मला न्हाई जायचं कॉलेजात. हेच काम शिकायचंय. फ्लेक्स दोस्तांनी लावला, मी पास झालो म्हणून. मग तुमी मोठा लावला. मग तात्या पुणं म्हणून बसले. आता गावात दिसू नको म्हणलेत."

गहिनीनाथला किती दिवसांनी गार वाटलं. पण तो गारवा फार टिकला नाही.

"म्हंजे तात्याबाचं पोरगं कॉलेजात न्हाईच," तो म्हणाला. "मग आपण कशापायी चाललो? छबू, सामान उतरू नको. जीप नीट झाली की माघारी फिरायचं."

संस्कृतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सगळं हातातोंडाशी येऊन निसटत होतं. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि शांतपणे विचारलं, "चला की पप्पा. पण गावात काय सांगायचं?"

"शिवा गॅरेजात हाय म्हणून सांगू. तात्याबाची जिरंल."

"तात्याकाका म्हणतील, माझं पोरगं कामाला तरी लागलं. गहिन्याची पोरगी गेवराईवरनं माघारी आली. आन् आपला फ्लेक्स आजून तिथंच हाय. खाली त्यांचा फोटोबी हाय."

गहिनीनाथ सरळ जीपपाशी गेला.

"शिवा," तो म्हणाला, "हात चालव बाबा लवकर. कॉलेजचं हापिस बंद व्हईल."

संस्कृतीला कॉलेजात घालून गावात आल्यावर त्यानं शिवशंकरबद्दल अवाक्षर काढलं नाही. तात्याबाचं पोरगं कॉलेजात नाही असं कळलं असतं, तर आपण नेमकं कुणाला हरवलं, असा प्रश्न लोकांनी विचारला असता. त्यामुळे तात्याबाचं गुपित तात्याबापेक्षा त्यानंच जास्त जपलं.

दिवाळीनंतर शिवशंकर काम शिकून परतला आणि स्टँडजवळ त्यानं गॅरेज टाकलं. पुण्याचं नाव कुणी काढलं नाही. आता रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे मोटारसायकल थांबायची, "आई, भाकर वाढ" असा आवाज यायचा आणि बापलेकांचं हसणं सुरू व्हायचं. इकडे दोनच ताटं. संस्कृतीचा फ्लेक्स उतरवून म्हशीच्या गोठ्याला आडोसा म्हणून लावला होता. फोटोतल्या संस्कृतीचं तोंड नेमकं तात्याबाच्या अंगणाकडे झालं होतं.

एका संध्याकाळी तात्याबा भिंतीला टेकून त्या फ्लेक्सकडे बघत होता.

"तुझं बरं हाय गहिन्या," तो म्हणाला. "पोरगी शिकायली."

पलीकडे शिवशंकरच्या ताटात भाकरी पडत होती. गहिनीनाथचा जीव तुटला.

"तुझंच बरं हाय," तो म्हणाला. "पोरगं घरी जेवायलंय."

जन्मात पहिल्यांदा दोघं एकमेकांशी खरं बोलले होते. दोघंही तोंड फिरवून आत गेले.

"काय म्हणत होते भावजी?" छबुबाईनं विचारलं.

"काय म्हणतोय? टोमणा मारून गेला."

भिंतीपलीकडे तात्याबाही आपल्या बायकोला हेच सांगत होता, आणि छबुबाईला ते स्पष्ट ऐकू येत होतं.