करंट काढलात का?

चाळीस वर्षं लोकांचे टीव्ही दुरुस्त करून मास्तरांना एकदाही शॉक बसला नव्हता, आणि हे ते न विचारता सांगत. घरचा जुना खोका मात्र वर्षभर चरचरत होता. बायको सांगून सांगून थकली, "उद्या बघतो" हे ऐकत राहिली आणि दोन महिन्यांपूर्वी गेली. तो उद्या काही उजाडला नाही.

"बाबा, पाचला भंगारवाला येतोय," मुलगा म्हणाला. "चालला तर ठेवू. नाहीतर जाऊ दे."

"तिचा टीव्ही आहे तो."

"म्हणूनच तर पाचपर्यंत थांबलोय."

मास्तरांनी टीव्ही लावून चरचर ऐकली, बंद केला, मागचं झाकण काढलं. पिक्चर ट्यूबला जाडी तार जोडणारी रबराची टोपी तडकली होती. दहा मिनिटांचं काम! करंट छातीतून जाऊ नये म्हणून नियमाप्रमाणे डावा हात खिशात घालून त्यांनी उजवा टोपीखाली सरकवला आणि ते असे उडाले, की हाताच्या धक्क्याने शेजारचा चहाचा कप मुलाच्या मांडीवर गेला. चहा गरम होता. मुलाला वाटलं, करंट आपल्यालाही लागला. तो बोंबलत खाली धावला आणि घाईघाईत अख्ख्या इमारतीचा मेन स्विच पाडून आला. पाचला पाच कमी होते. भंगारवाला वेळेचा पक्का असल्यामुळे नेमका लिफ्टमध्ये होता.

"कुणी आहे का?" लिफ्टमधून आरोळी आली. मुलगा कपाळावर हात मारून पुन्हा खाली पळाला.

मास्तर जमिनीवर बसून आपल्या हाताकडे बघत होते. "विसरलो कसा?" ते सुनेला म्हणाले. "बंद केला तरी काच करंट धरून ठेवते. आधी काढावा लागतो. पोरांना शिकवलंय मी हे!"

सून दाराआडून झाडूचा लाकडी दांडा घेऊन आली आणि त्यांच्या मागे उभी राहिली. घरात टीव्ही उघडला की सासूबाई अशाच उभ्या राहायच्या, शॉक बसलाच तर यांना ढकलायला.

मास्तरांनी पुन्हा हात पुढे केला.

"बाबा, करंट काढलात का?"

"मला शिकवू नकोस!" मास्तर खेकसले. चाळीस वर्षं बायकोच्या याच प्रश्नावर ते हेच खेकसत आले होते. मग मुकाट्याने त्यांनी तार बांधलेला स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि टोपीखाली टेकवला. टक्कन ठिणगी पडली. उरलासुरला होताच.

नवी टोपी बसली. वीज आली. चित्र स्वच्छ उमटलं, चरचर नावाला नाही. घामाघूम भंगारवाला दारात येऊन म्हणाला, "हा तर चालतोय!" आणि शिव्या घालत जिन्याने उतरला. मुलाने ओल्या पँटीनिशी टीव्ही पुन्हा जागेवर सरकवला.

मास्तर बायकोच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले. चित्राकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "ते मघाचं पुन्हा एकदा विचार गं."

"करंट काढलात का?"

"मला शिकवू..." मास्तर म्हणाले, आणि पुढचं त्यांना बोलता आलं नाही.