आप्पांचा स्टँडबाय

आमचे घरमालक आप्पा पायजम्याची नाडी बांधतात आणि वरून पट्टाही लावतात. "स्टँडबाय पायजे, इंजिनेर," हे त्यांचं मला नेहमीचं सांगणं; एक बिघडलं तर दुसरं हाताशी हवं. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, तिथली ही सवय. त्यांच्या दाराला दोन कड्या आहेत, खिशात दोन चष्मे असतात आणि चहा दोन गाळण्यांतून गाळला जातो.

चिखलीतल्या त्यांच्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. नेट आमचं एकच. गेल्या सोमवारपासून ते सारखं मान टाकायला लागलं. ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेब पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठायचा. शेवटी राउटर बघायला खाली गेलो आणि हबकलोच.

घरात चार वायरलेस स्पीकर, आणि आप्पांनी प्रत्येकाला राउटरपासून केबलही ओढलेली!

"अहो आप्पा, हे स्पीकर केबलशिवाय एकमेकांशी बोलतात. वर केबलही जोडलीत, तर तोच निरोप गोल गोल फिरत राहतो. त्या गर्दीत सगळंच बंद पडतं."

"दोन वाटा हाईत म्हंजी चांगलंच की!"

त्यात प्रत्येक स्पीकरवर वेगळंच काहीतरी. देवघरात भजन, स्वयंपाकघरात बातम्या, न्हाणीघरापाशी बासरी. या वयात हा कसला शौक, असं पुटपुटत मी सरळ राउटर बंद केला.

घर एकदम गप्प झालं. हातात फुलांची परडी घेऊन निघालेल्या काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, वाटेतच थांबल्या.

"अवो, मी कुठं हाय?"

चार महिने रोज दारातून "जेवलास का, बाळा?" विचारणाऱ्या काकूंना मी दिसतच नव्हतो! त्या मला पावलांवरून ओळखत होत्या.

आप्पा धावले. "मी हाय गं. देवघर डाव्या हाताला." काकू चालू लागल्या. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुठला आवाज कुठं, त्यावरनं तिला घर कळतं. आवाज थांबला की ती अशी मधीच अडकती. म्हणून सोमवारी स्टँडबायला वायरी टाकल्या. माझ्यामुळंच बंद पडत व्हतं, व्हय रं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी केबली काढल्या.

आता स्पीकर नीट वाजतात. राउटरला हात लावायचा असला की मी आधी खाली जाऊन काकूंना खुर्चीत बसवतो. आणि आप्पा तेवढा वेळ शेजारी बसून मोठ्याने पेपर वाचतात.