बाहुलीच्या कुळाची चौकशी

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळाने उन्हाळी सुट्टीत बाहुला-बाहुलीचे लग्न लावायचे ठरवले, तेव्हा मुलांना आपली संस्कृती कळावी, एवढाच हेतू होता. वधू सात वर्षांच्या स्वानंदीची: सोनेरी केसांची, जगभर खपणारी ती फॅशनची बाहुली. वर डॉक्टर राजीवकाकांच्या नातवाचा: त्याच कंपनीचा, कायम हसतमुख. स्वानंदीची आजी मृणालिनीबाई विवाह समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी स्वतःच्या पैठणीचा काठ कापून बाहुलीला नऊवारी शिवली होती आणि नातीला शब्द दिला होता, "तुझ्या बाहुलीचं लग्न मी थाटात लावून देईन." त्यांचा शब्द खाली पडल्याचे घरात कुणाला आठवत नव्हते.

समितीच्या बैठकीत राजीवकाकांनी घसा साफ केला. "मुलीकडची चौकशी करायला हवी. पद्धत आहे."

"काका, बाहुलीची?" स्वानंदीच्या आईने, मंजुषाने विचारले.

"मुलगी ती मुलगीच."

आयटीतल्या गुरुदत्तने लगेच फोनवर शोध घेतला. "एका जर्मन बाहुलीवरून हिला बेतलंय. ती तंबाखूच्या दुकानात मिळायची. मोठ्या पुरुषांना, गंमत म्हणून."

"म्हणजे आजोळ असं," राजीवकाका म्हणाले.

मृणालिनीबाईंनी चष्मा खाली ठेवला. "अमेरिकेत यायच्या आधी कोण काय होतं, हे या खोलीत काढायचं असेल तर मंजुषा, चहाचं आधण मोठं ठेव."

आजोळाचा विषय तिथेच संपला. गुरुदत्त मात्र पुढे वाचतच होता. "बनवणाऱ्या बाईंनी हिला स्वतःच्या मुलीचं नाव दिलं. दोन वर्षांनी बाहुला काढला, त्याला मुलाचं."

"सख्खी भावंडं," राजीवकाकांचा आवाज खोल गेला. "सगोत्र. शिवाय मुलगी दोन वर्षांनी मोठी."

वर बदलावा, असे कुणाच्याही मनात आले नाही. वधूला दुसऱ्या गोत्रात दत्तक द्यावे, अशी सूचना आली. गुरुदत्तची बायको शिवांगी दत्तक घ्यायला तयार झाली, पण आधी तिने विचारले, "ती करते काय?"

"शी'ज अ डॉक्टर," दारातून स्वानंदी म्हणाली. "अँड अ‍ॅन अ‍ॅस्ट्रॉनॉट. अँड प्रेसिडेंट."

"दोनशेच्या वर नोकऱ्या केल्यात यार," गुरुदत्तने पुरवणी जोडली.

"एका जागी टिकत नाही," शिवांगी म्हणाली. "अशी मुलगी घर काय सांभाळणार?" ती स्वतः नुकतीच तिसरी कंपनी बदलून आली होती.

अखेर राजीवकाकांनीच तोडगा काढला. "माझ्या संग्रहात एक आहे. खोकं कधी उघडलेलंच नाही."

सगळ्यांचे चेहरे उजळले. तीही त्याच कंपनीची, त्याच नावाची, त्याच आजोळची. पण खोके उघडलेले नसल्यामुळे तिला इतिहास नव्हता. ठराव मतास टाकला गेला. मृणालिनीबाईंनी एकदा दाराकडे पाहिले, एकदा आपल्या अध्यक्षपदाच्या खुर्चीकडे. मग त्यांचा हात सर्वांच्या हातांबरोबर वर गेला.

नातीला सांगायला त्या स्वतः गेल्या. स्वानंदीने ऐकून घेतले, आपल्या बाहुलीची नऊवारी सोडली, नीट घडी घातली आणि आजीच्या हातात ठेवली.

"इट्स ओके, आजी. शी हॅज वर्क ऑन मंडे."

लग्न थाटात झाले. नऊवारी खोक्याभोवती गुंडाळली होती. मंगलाष्टके संपली, अंतरपाट दूर झाला. आतला पारदर्शक कागद तसाच राहिला. वधूचे दोन्ही हात मागच्या पुठ्ठ्याला प्लास्टिकने बांधलेले असल्यामुळे तिच्या वतीने हार राजीवकाकांनीच घातला. मुलगी किती शांत आहे, मान वर करून बघत नाही, असे बायका एकमेकींना सांगत होत्या. मागच्या दारापाशी पायरीवर बसून एक लहान मुलगी आपल्या बाहुलीचे केस विंचरत होती. तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

तुमचेही नाही. तुम्ही दुसऱ्या रांगेत होतात. खोक्यावर अक्षता टाकल्यात, जिलेबी पुन्हा मागून घेतलीत आणि निघताना राजीवकाकांच्या कानाशी वाकून म्हणालात, "आमच्या धाकट्यासाठीही अशीच एखादी बघा ना."