साहेब नावाचा लाभार्थी

आमच्या शाळेत यंदापासून भूतदया हा विषय सक्तीचा झाला. लेखी तीस गुण, प्रात्यक्षिक वीस. लेखीची कुणाला चिंता नव्हती. मुक्या प्राण्यांवर प्रेम का करावं याची कारणं आम्ही एका बैठकीत घोकून टाकली. घोडं अडलं ते प्रात्यक्षिकापाशी. त्यासाठी एक प्राणी लागणार होता आणि नियमाप्रमाणे तो भुकेला, जखमी व निराधार असणं आवश्यक होतं.

आमच्याकडे होता फक्त साहेब.

साहेब म्हणजे फाटकाजवळचा तपकिरी कुत्रा. दिवसभर एका जागी बसून असायचा आणि कुणी काही विचारलं की दुसरीकडे बघायचा, म्हणून साहेब. अंगानं धडधाकट. कॅन्टीनच्या मावशींकडून रोजचा पाव, जिन्याखाली हक्काची सावली. थोडक्यात, अभ्यासक्रमाच्या दृष्टीनं साफ अपात्र.

"हा नाही चालायचा," पर्यावरणाच्या बाई त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या. "सुखी दिसतोय."

"मग दुसरा शोधू या ना, बाई."

"शाळेच्या हद्दीबाहेर दया केलीस तर गुण कोण देणार? तुझे पप्पा?"

गुण मलाही हवेच होते.

तेव्हा साहेबालाच पात्र करायचं ठरलं. सुरुवात भुकेपासून झाली.

"अहो बाई, उपाशी ठेवून कसली दया शिकवताय?" मावशींनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"खायला घालायचंच आहे हो! पण परीक्षेच्या दिवशी. तुम्हीच त्याचं पोट भरलंत, तर पोरांनी काय भरायचं?"

पाव बंद झाल्यावर साहेब सरळ समोरच्या बेकरीकडे चालू लागला. म्हणजे तो निराधारही नव्हता! ही त्रुटी दूर करण्यासाठी त्याला खांबाला बांधण्यात आलं. राहिली जखम. ती नव्हतीच, पण मलमपट्टीचा सराव तर सगळ्या वर्गाला करायचा होता. प्रत्येकानं पट्टी बांधायची, बाईंनी बघायची, मग पुढच्यासाठी सोडायची. अर्धा वर्ग होईपर्यंत साहेबाचा पाय टम्म सुजला.

"बघा, आता कसा छान लंगडतोय!" बाई समाधानानं म्हणाल्या.

त्या दिवशीचा माझा फोटो पप्पांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. 'आमची छकुली किती हळवी!' असं आत्यानं खाली लिहिलं. फोटोत साहेबानं कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून छकुली त्याचा कान ओढत होती.

परीक्षेच्या सकाळी वाटी घेऊन पहिली मीच गेले. मला बघताच साहेबानं शेपूट पोटाखाली घातली आणि स्वतःहून सुजलेला पाय पुढे केला. बांधा एकदाची, म्हणजे सुटलो! मी वाटी खाली ठेवली आणि दोरीची गाठ सोडायला लागले.

"ए बये, काय करतेस?" माझी मैत्रीण चष्मिष किंचाळली. "माझे वीस गुण आहेत ते!"

"ओरडू नकोस, दात लाव. गाठ सुटत नाहीये."

"शी!" म्हणत तिनं दात लावले. गाठ सुटली. साहेब तीन पायांवर फाटकाबाहेर पडला. वाटीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात मुख्याध्यापिका मोठ्या बाईंबरोबर बाहेरचे परीक्षक आले. "लाभार्थी कुठे आहे?"

आम्ही माना खाली घातल्या. मोठ्या बाईंनी मात्र पापणीही न लववता सांगितलं, "बरा होऊन गेला, सर."

"परीक्षेआधीच? वा! याला म्हणतात परिणामकारक शिक्षण!"

सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी. शाळेला ढाल. पुढच्या वर्षी प्रत्येक तुकडीला स्वतंत्र कुत्रा देण्याची घोषणाही लगेच झाली, आणि त्या आठवड्यात आमच्या भागातले झाडून सगळे कुत्रे कुठेतरी निघून गेले.

उरलाय एकटा साहेब, बेकरीच्या मागे. पाय अजून टेकत नाही. कुणी दगड उचलला तर जांभई देतो. पण कुणी समोर बसून, हात पुढे करून "अले माझं शोनं" म्हटलं, की जीव मुठीत धरून पळतो. मावशी त्याच्यापुढे पाव टाकतात तोसुद्धा तोंड दुसरीकडे करून, जणू चुकून पडला.

हे वाचून तुम्हालाही त्याची दया आली असेल. येणारच, तुम्ही हळवे आहात. फक्त त्याच्याजवळ जाण्याआधी लांबूनच एवढं सांगा: तुमचा फोटो कोण काढणार आहे?