आधी चव, मग चर्चा

मन्मथआप्पा माती खातात, असं सिरसाळ्यात कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खात नाहीत, चाखतात. चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, थुंकायचं आणि मग निकाल द्यायचा. मध्येच कुणी काही विचारलं तर हात वर करून म्हणायचे, "आधी चव, मग चर्चा!"

आप्पांचं किराणा दुकान आणि माझं बी-बियाणांचं, मध्ये एकच भिंत. गूळ, चिंच, मीठ चाखून त्यांची जीभ आधीच तयार होती, पण मातीचा नाद लागला तो त्यांची बायको, आमच्या गंगाकाकू, गेल्यावर. त्याला आता तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही, म्हातारा एकटा, काहीतरी विरंगुळा हवाच, म्हणून आम्ही सगळं हसण्यावारी नेलं.

पुढं पुढं हसू जरा कमी झालं. एकानं गावात प्लॉट घेतला आणि भूमिपूजनाला आप्पांना बोलावलं. प्रसादाच्या आधी आप्पांनी माती तोंडात घातली. "हितं गाजर गवत कंबरंएवढं अन् तिकडं गुडघ्याएवढं, कावून? हितली माती भायेरून आणलेली हाय. खाली बुजवलेली हीर हाय." यजमान भडकला. पाया खोदला तेव्हा खालून विहिरीचे दगड निघाले. तेव्हापासून आप्पा कुणाच्या अंगणात वाकले की बाया पोरांना आत घ्यायच्या.

गाजर गवतावर तर त्यांचं प्रवचनच असे. "ते आगाव पाव्हणं हाय. माती उचकटली, उघडी टाकली, की हजर! चोपण, खारवट जिमिनीत वेडी बाभूळ. अन् खार लई झाला तर कुणीच न्हाई." माझ्याकडे कुणी तणनाशक मागितलं की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "औषध कशाला? आधी माती आण!" गिऱ्हाईक माती आणायला जायचं ते परत यायचंच नाही.

यंदा गावाबाहेरची रुद्रभूमी साफ करायचं ठरलं. आप्पांच्या समाजात माणसाला जाळत नाहीत. बसवून समाधी देतात आणि खड्ड्यात विभूती न् खडे मीठ घालतात. तिथं वेड्या बाभळीचं रान माजलं होतं. मशीनवाल्यानं बाभळी काढल्या आणि उत्साहाच्या भरात सगळी जमीनही सपाट केली. उंचवटे गेले, खुणेचे दगड ढिगाऱ्यात गेले. श्रावण सरेपर्यंत गाजर गवत छातीला लागलं. समाजातल्या चार मंडळींनी फवारणीचं काम मला सांगितलं.

भर दुपारी पाठीवर पंप घेऊन गेलो. वारा पडला होता. गवतभर पांढरी फुलं, आणि एकही पाखरू बोलत नव्हतं. तेवढ्यात आत गवत हललं. माणूस दिसेना, पण थुंकल्याचा आवाज आला. पुन्हा हललं, आता जवळ. पुन्हा थू! पळायच्या बेतात होतो, तोच फुलांमधून आप्पांची टोपी वर आली. ओठांना माती लागली होती.

"फवारू नगंस, सुधाकरा! गवत जळलं तर समदं सारखंच दिसंल. मग ती मला घावायची न्हाई."

"कोण?"

"तुजी काकू."

मग त्यांनी दाखवलं. त्या हिरव्या गर्दीत मधूनमधून टोपलीएवढ्या उघड्या जागा होत्या. "खाली मीठ हाय ना. गवत जिथं न्हाई तिथं माणूस हाय."

"पण यातली काकूंची कुठली?"

"सगळ्यात मोठी." आप्पा जरा ओशाळले. "लोक एक पोतं घालतात. मी दुकानातली चारी आणली. जन्मभर ती म्हनायची, तुमचा हात लई आखडता, घरात तरी तोलून देऊ नका. त्या दिशी न्हाई आखडला."

तीन वर्षं आप्पा मातीत कुणाची चव शोधत होते ते मला आत्ता कळलं, आणि आपण हसत होतो याची लाज वाटली.

आम्ही दोघं गवत सारत निघालो. पार कुंपणाजवळ बैलगाडीच्या चाकाएवढी जागा उघडी होती, वर पांढरा थर आलेला. आप्पा खाली बसले. चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. या वेळी ते थुंकले नाहीत.

"तूबी चाख."

मी कचरलो.

"माझ्या मागं कुनाला तरी ठावं पाहिजे, बाबा."

मी चाखली. खारट होती, आणि मागून जराशी कडू.

आप्पा त्या जागेवर तळहात फिरवत होते. "पाऊस पडंल तसं मीठ खाली जातं. चार-पाच सालात गवत हितंबी येतंय. तवर मी येतोच हिच्या शेजारी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या वक्ताला तू हात आखडू नगंस, सुधाकरा. दोनी जागा एकमेकीला लागल्या पाहिजेत."

मी हो म्हणालो आणि पंप भरलेलाच परत आणला.