गल्लीतल्या शांततेचा बंदोबस्त

माणूस परीक्षेत अभ्यास कमी पडल्यामुळे नापास होत नाही, शेजार जास्त झाल्यामुळे होतो, असं रेत्नोचं ठाम मत होतं. अभ्यास तिचा चोख होता. डॉक्टरेटच्या प्रवेशासाठी विद्यापीठ जी इंग्रजीची परीक्षा घेतं, तिच्यातले शब्द इंग्रजांच्या पणज्यांनी शेवटचे वापरले असावेत. पण रेत्नोने भात परतताना, दामारचं नाक पुसताना, त्याला थोपटताना तेही घोटून ठेवले होते. दोन वर्षांचा दामार त्यातले लांबलचक शब्द कानावर पडले की अंगाई ऐकल्यासारखा झोपायचा. आता प्रश्न उरला होता तो फक्त आवाजाचा.

परीक्षा घरूनच द्यायची होती. समोर संगणक, त्याच्यावर कॅमेरा आणि कॅमेऱ्यापलीकडे विद्यापीठात बसलेल्या एक पर्यवेक्षिका. खोलीत दुसरं माणूस दिसलं, कुणाचं बोलणं ऐकू आलं किंवा परीक्षार्थी खुर्चीवरून उठली, की परीक्षा तिथल्या तिथे बंद. डॉक्टरेटच्या शिष्यवृत्तीला वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी रेत्नो त्या अटीबाहेर जाणार होती. म्हणजे ही एकच खेप. ती हुकली तर कॉलेजात हंगामी म्हणून शिकवता शिकवता सगळे हंगाम निघून जायचे.

आणि घर होतं योग्याकार्तातल्या एका अशा गल्लीत, जिथे एका घरात मिरची परतली की समोरच्या घरात शिंक येते.

रेत्नो जन्माची काळजीखोर. तिने आवाजांची माहिती काढली आणि एकेकाचा काटा काढला. शेजारच्या यांतीबाईंचा, तिकडच्या बोलीत बू यांतींचा, कोंबडा दिवसभरासाठी त्यांच्या बहिणीकडे पाहुणचाराला गेला. वाडगा वाजवत येणाऱ्या मटणगोळेवाल्याला पलीकडच्या रस्त्याने जायला कबूल करून घेतलं. नवरा बागस दामारला घेऊन नदीपलीकडे त्याच्या बहिणीकडे गेला. सासरे हारजोनो, तिकडच्या मानाने पाक हारजोनो, पिंजरा स्कूटरला बांधून डोंगराकडे निघाले. तिथे गाणाऱ्या पक्ष्यांची स्पर्धा होती, आणि त्यांचा पक्षी यंदा जिंकणार असं ते गेली कित्येक वर्षं सांगत होते.

मोटारसायकली राहिल्या. त्यासाठी रेत्नोने सकाळीच गल्लीच्या सामायिक प्लास्टिकच्या खुर्च्या आणून रस्त्यात आडव्या लावल्या.

शेवटी राहिल्या सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या इबू, आई. त्यांना गप्प करणं हे कोंबड्याला गप्प करण्याहून अवघड होतं.

"इबू, तुम्ही दारात बसा. आत कुणाला सोडू नका. आणि कुणी काही विचारलं तरी बोलायचं नाही. नुसतं ओठांवर बोट."

"कुणी मेलं तरी?"

"मेलं तरी."

"बरं," इबू म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून त्यांनी ते मनावर घेतलं.

पहिला तास असा गेला की रेत्नोला स्वतःचाच हेवा वाटला. शब्दांमागून शब्द येत होते आणि ती त्यांना जुन्या वर्गमैत्रिणींसारखी ओळखत होती. बाहेर तर अशी शांतता होती की या गल्लीने ती कधी अनुभवलीच नसेल. कुणाचं बोलणं नाही, भांड्याचा आवाज नाही. आपला बंदोबस्त म्हणजे बंदोबस्त, असं म्हणून ती उताऱ्यांकडे वळली.

ती शांतता कुठून आली होती, ते तिला मागाहून कळलं.

झालं होतं असं की रस्त्यात खुर्च्या लागल्यावर तिथे ऊन छान पडलंय, असं इबूंना दिसलं. दामारची पांढरी दुपटी वाळायची होती. त्यांनी एका खुर्चीला बांबू बांधला आणि त्याला दुपटं अडकवलं. मग दारात येऊन बसल्या. तळायला सुनेने बंदी केलेली, म्हणून नुसतेच छोटे कांदे सोलायला घेतले.

बू यांती बाजारातून परतल्या तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच: गल्ली खुर्च्यांनी बंद. लग्न म्हणावं तर नारळाच्या कोवळ्या पानांचं तोरण नाही. बांबूला पांढरं निशाण, मयताच्या घरापुढे लावतात तसं. आणि दारात इबू, डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या गल्लीत जन्मलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

यांतींनी जवळ जाऊन हलक्या आवाजात विचारलं, काय झालं? इबूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"पाक हारजोनो?" यांतींनी विचारलं.

आपला नवरा कुठे आहे असं ही विचारते आहे, असं इबूंना वाटलं. त्यांनी डोळे पुसले, हात उचलला आणि उत्तरेला, दूर, उंच, डोंगराच्या दिशेने बोट दाखवलं.

यांतींनी पिशवी तिथेच ठेवली आणि त्यांना मिठी मारली. इबूंना जरा नवल वाटलं, पण बोलायचं नव्हतं.

पुढचं आपोआप झालं, जसं त्या गल्लीत होतं. बायका घमेल्यांत तांदूळ घेऊन, वर फडकं झाकून आल्या. पोरांनी आडव्या खुर्च्या सरळ करून अंगणात मांडल्या. कुणीतरी चहा केला. गल्लीप्रमुख पाक त्रिमो काळी टोपी घालून आले आणि पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले. विचारायला जो येई, त्याला इबू ओठांवर बोट ठेवून दाखवत. नवऱ्याच्या माघारी बाईने मौन धरलंय, असं सगळ्यांनी मानलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिला अखंड बोलताना पाहिलेलं असल्यामुळे तर सगळ्यांना फारच गलबलून आलं.

आत रेत्नो शेवटच्या उताऱ्यावर होती. उतारा समुद्रातल्या शेवाळावर होता, लांब होता आणि कंटाळवाणा होता, म्हणजे बेत उत्तम चालला होता. तेवढ्यात मशिदीचा भोंगा खरखरला. आधी दुःखाचे नेहमीचे शब्द आले. मग नाव आलं. आमच्या गल्लीतले पाक हारजोनो आज सकाळी देवाघरी गेले.

रेत्नोचा हात तिथेच थांबला.

सकाळी सासरे निघाले तेव्हा तिने त्यांना नीट निरोपसुद्धा दिला नव्हता. पिंजरा घट्ट बांधलाय ना, एवढंच विचारलं होतं, तेही तो वाटेत सुटून पक्षी घरी परत येऊ नये म्हणून. डोंगराचा रस्ता, जुनी स्कूटर, वळणं. पडद्यावर शेवाळ तरंगत होतं. चार प्रश्न उरले होते. उठलं की सगळं संपलं, आणि पुढचं वर्ष नव्हतं.

तिने एक प्रश्न सोडवला. काय सोडवला ते देव जाणे. दुसरा वाचला, तर त्यात शेवाळाऐवजी तिला सासऱ्यांची छोटी पिवळी स्कूटर दिसायला लागली. दामारला रोज संध्याकाळी तिच्यावर बसवून ते गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणायचे.

रेत्नो उठली. पडद्यावर लाल अक्षरं आली. तिने ती वाचलीही नाहीत. दार उघडून बाहेर आली.

अंगण माणसांनी भरलेलं. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि माना खाली घातल्या. फक्त शेवटच्या रांगेतल्या एका माणसाने घातली नाही. डोक्यावर हेल्मेट, काच खाली, हातात चहाचा पेला, पायाशी पिंजरा. काचेच्या आतून हुंदके येत होते.

"पोरी," हेल्मेट म्हणालं, "तू आहेस ना धडधाकट? ही पण दारात दिसते आहे. मग आपल्या घरातलं गेलं कोण? मघापासून विचारतोय, कुणी सांगत नाही."

पक्षी गायला नव्हता, म्हणून पाक हारजोनो लवकर परतले होते. घरापुढे मयताची गर्दी दिसल्यावर हेल्मेट काढायचं भान न राहता ते शेवटच्या खुर्चीवर बसले होते. शेजारच्याने त्यांना लांबचा नातेवाईक समजून पाठीवर हात ठेवला आणि चहा दिला. हेल्मेटमध्ये भोंगा काही ऐकू आला नव्हता.

त्यांनी हेल्मेट काढलं. पाक त्रिमोंच्या हातातला पेला पडला. दोन बायका तांदळाच्या घमेल्यांसकट मागे सरकल्या. आता सांत्वन कुणाचं करायचं, ते कुणालाच कळेना. रेत्नो सासऱ्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, हसली, पुन्हा रडली. पिंजऱ्यातला पक्षी त्या गोंधळात पहिल्यांदाच गायला लागला. छान गात होता.

दारातून इबूंचा आवाज आला.

"झाली का गं परीक्षा? बोलू आता?"

आणलेला तांदूळ कुणी परत न्यायला तयार होईना, तो नेणं अशुभ. मग त्याचाच, तिकडे आनंदाच्या प्रसंगी करतात तो, पिवळा भात झाला आणि सगळी गल्ली जेवली. पाक हारजोनोंनी स्वतःच्या मयताच्या भाताला तीनदा हात पुढे केला.

राहिली परीक्षा. पर्यवेक्षिकेने भोंग्याचा शब्दन् शब्द ऐकला होता. त्यांचा निरोप आला: घरात दुःखद प्रसंग घडल्यामुळे तुम्हाला याच वर्षी नव्या तारखेला परीक्षा पुन्हा देता येईल. रेत्नो प्रामाणिक, तिने लगेच कळवलं की कुणीही गेलेलं नाही, सासरे इथेच भात खात आहेत. उत्तर आलं: सुरुवातीला मनाला असंच वाटतं. तिने पुन्हा कळवलं. आणखी मऊ उत्तर आलं: आम्ही समजू शकतो, स्वतःला जपा. तिसऱ्यांदा कळवायला बसली तेव्हा इबूंनी संगणकाचं झाकण मिटलं.

"तू खरं सांगितलंस. त्यांना पटत नसेल तर तो तुझा दोष का? घे ती तारीख."

या वेळी रेत्नोने कसलाही बंदोबस्त केला नाही. कोंबडा सात वेळा आरवला, मटणगोळेवाल्याने दारातच वाडगा वाजवला. जनावरांचे आणि रस्त्यावरचे आवाज चालतील, असं नियमांत पहिल्यापासून लिहिलेलं होतं. वाचून समजण्याची परीक्षा देणाऱ्या रेत्नोने तेवढंच वाचलं नव्हतं.

ती पास झाली. नाव नोंदवायला गेली तेव्हा मेजापलीकडे त्याच पर्यवेक्षिका होत्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि डोळे भरून म्हणाल्या, "तुझे सासरे असते, तर आज त्यांना किती आनंद झाला असता."

रेत्नोने चौथ्यांदा खरं सांगायला तोंड उघडलं. बाईंनी तिच्या हातावर थोपटलं.

सासरे तिला रोज विद्यापीठात सोडायला येतात. फाटकाच्या अलीकडचं वळण आलं की स्कूटर हळू करतात आणि न सांगता हेल्मेटची काच खाली ओढतात.