मनिषा मॅडमचा डावा हात

अर्धापुरात रोज दुपारी चार वाजता नागुबाईंना न्यायला कोणीतरी येऊ लागलं.

"ऐक, आलं," खाटेवरून त्या सुनेला म्हणाल्या. "पाय ओढत चालून राहिलंय."

शिल्पाने कान दिला. छतातून खरंच जड, दबके ठोके येत होते. धम्... धम्... दोनच सूर, आलटून पालटून. तिच्या अंगावर काटा आला. सासूबाईंना साधा ताप होता, पण त्यांनी गोळ्या बंद केल्या. "आता कशाला? न्यायला आलेलं दारात हाय." किनवटच्या लेकीला फोन गेला. ती वेशीपासूनच रडत आली.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मनिषा मॅडम शाळेतून आल्या की दार लावून कीबोर्ड वाजवायला बसत. पन्नाशीत शिकतेय म्हणून लोक हसतील, या धास्तीने त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मोबाइलवर ऐकलेली शोपँ या युरोपी संगीतकाराची एक प्रसिद्ध पियानो-रचना त्यांच्या मनात भरली होती. नांदेडचे वीरण्णा सर व्हिडिओवर शिकवत आणि एकच सांगत, "आधी डावा हात पक्का करा."

महिन्याने सरांनी विचारलं, "काय वाजवताय, समजलं का?"

"गंभीर हाय, सर. मन शांत होतं."

"अहो, प्रेतयात्रा आहे ती! डावा हात म्हणजे खांदेकऱ्यांची पावलं. लांबून जवळ येतात."

मॅडमनी कीबोर्ड मिटला. खालचं रडणं त्या आठ दिवस ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कीबोर्ड उघडलाच नाही.

साडेचारला शिल्पा धापा टाकत जिन्यात. "मॅडम, चला लवकर! आज पावलं वाजली न्हाईत. आत्याबाई म्हणतात, ते आता उशाशी येऊन बसलंय!"

खाली नागुबाईंनी डोळे मिटले होते. लेक तोंडात चमच्याने पाणी घालत होती. मॅडम उलट्या पावली वर पळाल्या आणि सरांना फोन लावला. "सर, ही यात्रा परत कशी धाडायची?"

"पुढचं वाजवा. मधे उजव्या हाताचं एक हळवं गाणं आहे. मग पावलं लांब जातात."

उजवा हात त्यांनी सरांना चोरून बसवला होता, पण दोन्ही हात एकत्र कधी वाजवले नव्हते. आज वाजवले. पावलं आली. मधेच तो एकटा, निर्मळ सूर वर चढला आणि मॅडमचेच डोळे भरून आले. मग पावलं हलकी झाली, आणखी हलकी, आणि विरली.

त्या खाली आल्या तेव्हा नागुबाई भिंतीला टेकून चहा पीत होत्या. "गेलं बघ. मोंढ्याच्या बाजाराकडं वळलं."

"मावशी, कोणी नव्हतं हो," मॅडम रडत म्हणाल्या. "मीच वर पेटी वाजवून राहिले होते."

नागुबाईंनी त्यांचा हात धरला.

"पावलं तुझी असतील, बाई. पण मधी ती पोरगी गायली, लई गोड गळा. ती उद्या येणार का? शिल्पे, माझं नवं लुगडं काढून ठेव."